चालू: फक्त तीन

ऑफिसात त्यांना सगळे मास्तर म्हणत. त्यात आदर किती आणि थट्टा किती, हे मास्तरांनी कधी मोजून पाहिलं नव्हतं. काही गोष्टी न मोजण्यातच माणसाची शोभा राहते. हुद्दा होता स्क्रम मास्टर. त्यातला स्क्रम कुणाच्या डोक्यात शिरला नाही, मास्टर तेवढा शिरला, आणि जिभेवर घासून घासून मास्तर झाला. पंचाईत होती ती घरी. घरी सासरे राहायला होते आणि ते अस्सल मास्तर होते. जन्मभर शाळेत खडू झिजवलेले, आणि आता निवृत्तीत पेपरमधल्या चुकांना लाल पेनाने गोल करणारे.

"जावईबापू, तुम्ही नक्की शिकवता काय?" हा प्रश्न ते दर रविवारी, आत्ताच सुचल्यासारखा विचारत.

"शिकवत नाही हो बाबा. टीमचं काम सुरळीत चालवतो. म्हणजे बघा, दोन आठवड्यांत किती काम होईल ते आधी ठरवायचं, सगळ्यांनी तसं वचन द्यायचं, आणि रोज सकाळी उभ्याने एक छोटी बैठक घ्यायची. काल काय केलं, आज काय करणार, घोडं कुठे अडलं."

"उभ्याने का?"

"म्हणजे लांबत नाही."

"आम्ही उभं करायचो ते शिक्षा म्हणून," सासरे म्हणाले आणि पेपरात आणखी एक गोल ओढला.

स्वयंपाकघरात नळ टपटपत होता. तिथूनच बायकोचा आवाज आला, "अहो, उभं राहण्याचा विषय निघालाच आहे तर जरा उठून नळ बघा."

"बघतो," मास्तर म्हणाले. हे वचनही दोन आठवड्यांचंच होतं, आणि ते दर दोन आठवड्यांनी नव्याने दिलं जात होतं.

मास्तरांची टीम म्हणजे तीन माणसं आणि एक विजेची किटली. टेस्टरबाई दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढत. तो त्यांचा पेशा होता की स्वभाव, हे सांगणं कठीण, कारण पगार नसता तरी त्यांनी तेच केलं असतं. त्यातून चूक साध्या शब्दांत सांगतील तर शपथ. यमक जुळवून सांगत, जात्यावर बसल्यासारख्या. दुसरा मौनी. हा पडद्यामागचा कोड लिहायचा आणि त्याचा आवाज कसा आहे याबद्दल ऑफिसात दोन मतं होती. तिसरा बडबड्या. हा पडद्यावरची बटणं करायचा, आणि एक बटण करायला लागे त्याच्या तिप्पट वेळ त्याला ते बटण कसं केलं हे सांगायला लागे. किटली मात्र वेळेवर काम संपवायची. उकळलं की टक्‌ आवाज करून गप्प. सगळ्या टीममध्ये दिलेला शब्द पाळणारी तीच एक.

काम होतं दातांच्या दवाखान्यांच्या एका साखळीचं. पेशंटला तारीख देणारं ॲप हवं होतं. आणि गंमत अशी, की तारखा देणारं ॲप करता करता टीमने दवाखान्याला आजवर तारखांशिवाय काहीच दिलं नव्हतं. सगळी कामं सुरू होती. एकही संपलेलं नव्हतं. घरातल्या सगळ्या दिव्यांची बटणं दाबून ठेवावीत आणि उजेड कुठेच पडू नये, तसं.

शेवटी साहेबांनी मास्तरांना केबिनमध्ये बोलावलं. साहेब चांगला माणूस होता. वाईट बातमी देताना आधी खुर्ची द्यायचा.

"मास्तर, आता पुरे. या महिन्यात दवाखान्याला काहीतरी चालणारं दाखवा. नाहीतर टीम मोडतो. टेस्टरबाई वरच्या मजल्यावर, मौनी तळघरात सर्व्हरपाशी, बडबड्या विक्री विभागात."

"आणि मी?"

"तुमचं बघू," साहेब म्हणाले. माणसाच्या नोकरीसंबंधात याहून भयंकर दोन शब्द अजून कुणी शोधलेले नाहीत.

मास्तर खोलीत आले. टेस्टरबाई मौनीच्या कपात त्याला न विचारता अर्धी साखर घालत होत्या, कारण त्याला तेवढीच लागते हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्याने ते कधी सांगितलेलंही नव्हतं. तळघरात याला साखर कोण घालणार, असा एक विचार मास्तरांच्या मनात आला. तो त्यांनी झटकला आणि एका प्रशिक्षणाला नाव नोंदवलं. मध्यमवर्गीय माणसाचं दुःख अनावर झालं की तो प्रशिक्षणाला जातो.

परत आले ते तेज घेऊन. गळ्यात पट्टा, पट्ट्याला बिल्ला, ओठांवर नवा शब्द.

"कानबान," त्यांनी घरी जाहीर केलं. सासऱ्यांनी कानात बोट घालून हलवून पाहिलं.

"कानाचं नाही हो बाबा. कामाचं. फळ्यावर रकाने आखायचे. करायचं, चालू, तपासणीत, झालं. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी. ती या रकान्यातून त्या रकान्यात सरकत जाते. आणि मुख्य म्हणजे 'चालू'मध्ये एका वेळी फक्त तीन कामं. चौथं घ्यायचंच नाही. एक संपलं तरच दुसरं आत. आमच्या स्क्रमची शिस्त आणि या कानबानची मोकळीक, दोघांचं लग्न लावायचं."

"पत्रिका जुळते का?" बायकोने विचारलं.

उत्साहाच्या भरात मास्तरांनी फ्रिजच्या दारावर घरचा फळा मांडला. वर गुलाबी चिकट कागदावर मोठ्या अक्षरांत 'चालू', आणि त्याखाली तीन चिठ्ठ्या: नळ, बाबांचा चष्मा, कपाटाची कडी.

बायकोने ओला हात पुसत ते वाचलं. "नळ चालू. बरोबर आहे. रात्रंदिवस चालू आहे. तेच तर दुखणं आहे."

ऑफिसात फळा मांडणं एवढं सोपं नव्हतं. फळ्याला भिंत लागते, भिंतीला खिळा लागतो, आणि खिळ्याला परवानगी लागते. इमारतीच्या व्यवस्थापकाने मास्तरांचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भिंत कुणाची आहे, माहीत आहे का?"

"कंपनीची."

"भिंत मालकाची. रंग कंपनीचा. खिळा रंगातून भिंतीत जाणार. म्हणजे दोघांची सही." त्यातून भिंतीत आगीच्या घंटीची तार असण्याची शक्यता होती. ती आहे की नाही हे कळायला भिंत फोडावी लागली असती, आणि फोडायला पुन्हा त्या दोघांची सही. मास्तरांनी खिळ्याचा नाद सोडला.

खोली आणि बाहेरचा बोळ यांच्यामध्ये एक मोठी काच होती. काचेला खिळा लागत नाही. मास्तरांनी काचेच्या आतल्या बाजूला रकाने आखले, रंगीत चिठ्ठ्या लावल्या आणि 'चालू'च्या डोक्यावर लिहिलं: फक्त तीन. चिठ्ठीवर काम बारीक अक्षरांत आणि करणाऱ्याचं टोपणनाव ठळक, कारण बडबड्याला दुसऱ्याचं काम आपलं म्हणून सांगायची सवय होती.

टीमने नियम आनंदाने स्वीकारला, म्हणजे लगेच पळवाट काढली. 'चालू' भरल्यावर बडबड्याने शेजारी एक बारका रकाना आखला: 'चालू होण्याच्या बेतात'. त्यात आठ चिठ्ठ्या. मास्तरांनी तो पुसला, तर 'झालं'च्या अलीकडे 'जवळजवळ झालं' उगवला. मास्तर म्हणाले, "अरे, जवळजवळ झालं म्हणजे काय?" बडबड्या म्हणाला, "जवळजवळ लग्न झालेल्या माणसाला विचारा, मास्तर." टेस्टरबाईंनी ओवी जोडली:

चालूच्या गं घरात, तिघांचीच वस्ती,
चौथं काम दारात, त्याचीच दाटी जास्ती.

मास्तरांनी असे उगवलेले सगळे रकाने पुसून काढले आणि काचेपाशी पहारा दिला. 'चालू'मध्ये तीन म्हणजे तीनच. मौनीचं एक काम तिथे होतं, त्याला दुसरं घेऊ दिलं नाही. तो हात मांडीवर ठेवून काही वेळ बसून राहिला, मग पुन्हा त्याच कामाकडे वळला. याकडे कुणी लक्ष दिलं नाही. मास्तरांनी तर नाहीच, कारण ते पहारा देत होते.

काचेवर मास्तरांनी मात केली, पण एसी राहिला. एसीचं तोंड बरोबर काचेकडे. त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर चिठ्ठ्या पानगळीसारख्या गळाल्या. सकाळी सफाईवाल्या मावशी सगळ्यांच्या आधी आल्या. जमिनीवर रंगीत कागद पाहून त्यांनी ते केरात टाकले नाहीत. माणसं इतकी मन लावून चिकटवत होती, ते त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी एकेक चिठ्ठी उचलली आणि परत लावली. रंगाप्रमाणे. गुलाबी गुलाबीपाशी, पिवळ्या पिवळ्यांपाशी, आणि हिरव्या सगळ्यांत जास्त होत्या म्हणून जिथे जागा मोकळी दिसली तिथे. जागा फक्त 'झालं'मध्ये मोकळी होती. तिथे आजवर कुणी राहायलाच आलं नव्हतं.

मास्तर आले तेव्हा काच फुलबागेसारखी दिसत होती, आणि साहेब तिच्यासमोर फोन धरून उभे होते.

"मास्तर! वा! इतकं झालं? एका आठवड्यात?"

"साहेब, ते..."

"फोटो पाठवला दवाखान्याला. डॉक्टरीणबाई खूश. शुक्रवारी स्वतः बघायला येताहेत."

साहेबांनी पाठ थोपटली होती. कित्येक महिन्यांनी कुणीतरी पाठ थोपटली होती, आणि अशा वेळी खरं बोलायला जो कणा लागतो तो नेमका त्याच पाठीत असतो. साहेब गेल्यावर टेस्टरबाईंनी काचेकडे डोळे भरून पाहिलं.

गुलाबीला गुलाबी, पिवळी पिवळीपाशी,
न करता कामं झाली, धन्य धन्य मावशी!

"थट्टा नको," मास्तर म्हणाले. "शुक्रवारी टीम राहते का मोडते ते ठरणार आहे."

मग कुणी थट्टा केली नाही. किटली टक्‌ करून थांबली.

पुन्हा वारा लागू नये म्हणून मास्तरांनी सगळा संसार काचेच्या बाहेरच्या बाजूला, बोळात हलवला. रकाने नव्याने आखले, चिठ्ठ्या चिकटपट्टीने पक्क्या केल्या. 'झालं'मधल्या हिरव्या मात्र तशाच ठेवल्या. काढल्या असत्या तर साहेबांना सांगावं लागलं असतं. हे आपण शहाणपणाने केलं असं त्यांना वाटलं, आणि इथेच त्यांनी हात दाखवून अवलक्षण केलं.

ऑफिसात मनुष्यबळ विभागाच्या एक बाई होत्या. त्यांना सगळे मनुष्यबळबाई म्हणत. त्या एरवी बोळातून मान खाली घालून जात. त्या दिवशी त्यांनी मान वर केली आणि काचेवर ठळक अक्षरांत वाचलं: चालू, फक्त तीन. खाली तीन नावं. टेस्टरबाई. मौनी. बडबड्या. कामं बारीक अक्षरांत होती. ती वाचायला चष्मा लागला असता, आणि चष्मा टेबलावर राहिला होता.

दुपारी मास्तरांना बोलावणं आलं.

"सहकाऱ्यांना जाहीरपणे चालू म्हणता?"

"अहो, काम चालू! माणसं नव्हे."

"तसं लिहिलेलं नाही. आणि 'फक्त तीन' म्हणजे काय? बाकीचे सगळे सज्जन, हे तुम्ही ठरवलंत? माझ्याकडे तळमजल्यावरून विचारणा आली आहे. चौथं नाव कुणाचं लागणार म्हणून दोघांनी रजा टाकली."

"बाई, चालू म्हणजे सुरू असलेलं. नळ चालू, दिवा चालू..."

"माणूस चालू," बाईंनी यादी पूर्ण केली.

शब्द बदलायचा ठरला. पण कोणता? 'प्रगतिपथावर' सुचवला गेला; तो रकान्यात मावेना. 'कार्यान्वयनाधीन' आला, तो उच्चारताना बडबड्याला उचकी लागली. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला आणि तोपर्यंत तो शब्द कोऱ्या कागदाने झाकून ठेवण्याचा आदेश निघाला. मास्तरांनी स्वतःच्या हाताने कागद चिकटवला. आयुष्यात माणसाला स्वतःच्या कल्पनेवर पांघरूण घालायची वेळ येते, ती अशी.

त्या संध्याकाळी जिन्यात शेजारीकाका भेटले. काका बँकेतून निवृत्त झाले होते आणि सल्ल्यातून व्हायचे होते.

"चेहरा का उतरलाय?"

मास्तरांनी थोडक्यात सांगितलं. काकांनी डोळे मिटून ऐकलं. "टोकन," ते म्हणाले. "आमच्याकडे पितळेचं टोकन होतं. टोकन दिलं की माणूस गप्प बसतो. काम होवो न होवो. आणि तुमच्या नळाचा आवाज खालपर्यंत येतो, त्याचा वायसर बदला."

शुक्रवारी डॉक्टरीणबाई आल्या. उंच, प्रसन्न, आणि समोरच्याच्या डोळ्यांऐवजी दातांकडे पाहून बोलायची सवय. बडबड्याने त्या दिवशी तोंड मिटून ठेवलं, ते यामुळे. साहेब अभिमानाने त्यांना काचेपाशी घेऊन गेले.

"हे बघा, एवढं सगळं झालं."

डॉक्टरीणबाईंनी हिरव्या चिठ्ठ्या निरखल्या. मग मास्तरांकडे वळून अगदी सहज विचारलं, "दुखतंय कुठे?"

ते त्यांनी सवयीने विचारलं असेल. पण त्या प्रश्नाला जन्मात कुणी खोटं उत्तर देऊ शकलेलं नाही. मास्तरांनी खोलीत पाहिलं. टेस्टरबाई, मौनी, बडबड्या, तिघं ओळीने उभे. शिक्षा झाल्यासारखे.

"बाई, यातलं काही झालेलं नाही," मास्तर म्हणाले. "चिठ्ठ्या वाऱ्याने पडल्या. सफाईवाल्या मावशींनी रंगाप्रमाणे लावल्या. मला त्याच सकाळी सांगता आलं असतं. मी गप्प बसलो. यात या तिघांचा दोष नाही. वेगळं कुणाला करायचं असेल तर मला करा, यांना एकत्र राहू द्या."

साहेबांचा चेहरा पिठासारखा झाला. बाईंनी झाकलेल्या कागदाचं टोक उचलून आत डोकावलं.

"चालू. फक्त तीन," त्यांनी वाचलं. "आमच्याकडे दोन आहेत. एक रिसेप्शनवर, एक माझ्या नात्यात."

हसावं की नाही, कुणाला कळेना.

"तीन कशाला पण?" त्या पुढे म्हणाल्या. "माझ्या खुर्चीत एका वेळी एकच तोंड उघडं असतं. बाहेर कितीही बसोत." मास्तरांच्या गळ्यातला बिल्ला जरासा खजील होऊन उलटा फिरला. "बरं, खरोखर पूर्ण झालेलं एक तरी आहे का?"

आणि मग एक आवाज आला. घोगरा, वापरात नसलेल्या दरवाजासारखा.

"रद्द."

सगळ्यांनी वळून पाहिलं. मौनी बोलला होता.

"तारीख रद्द करायचं बटण. ते झालंय. दुसरं काम घ्यायला जागा नव्हती, म्हणून हेच संपवलं." एवढं बोलून तो घामाघूम झाला.

"बटण माझं!" बडबड्याला राहवलं नाही.

"तपासलं मी," टेस्टरबाई म्हणाल्या. "दहा वेळा रद्द केलं, दहा वेळा झालं. तुम्ही पेशंटना फोनवर दिलेल्या तारखा त्यात घातल्यात."

साहेबांनी कपाळाला हात लावला. तारखा देणाऱ्या ॲपमध्ये इतक्या महिन्यांनी तयार काय, तर तारीख रद्द करणं! पण डॉक्टरीणबाईंनी फोन हातात घेतला आणि बटण दाबलं. मग आणखी एक दाबलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं त्याला आनंदच म्हणावं लागेल.

"अहो, तारखा देणं आम्हाला जमतं. पेशंटला येणं जमत नाही! निम्मे घाबरून येत नाहीत, आणि कळवायलाही घाबरतात, कारण आमची रिसेप्शनवाली. मी हातात आरसा घेऊन रिकाम्या खुर्चीशेजारी बसते. आता कळेल तरी, पुढच्याला बोलावता येईल. हे सोमवारपासून द्या. आणि पुढच्या वेळी असंच एक आणा. एकच."

"मी यांना पहिल्यापासून हेच सांगत होतो," साहेब म्हणाले.

टीम राहिली. टेस्टरबाईंनी सगळ्यांच्या कपात साखर घातली, मौनीच्या अर्धीच, आणि गुणगुणल्या:

तारखा देता देता, गेली सारी पत,
एका रद्दने राखली, किटलीची पंगत.

मास्तरांना मात्र कुणी काही म्हटलं नाही. पद्धत त्यांचीच होती आणि ती चाललीही होती. पण चालली ती त्यांच्या पहाऱ्यामुळे की मौनीला बसायला दुसरी जागा नव्हती म्हणून, हा प्रश्न कुणी काढला नाही, हेच त्यांचं बक्षीस.

सोमवारी सकाळी ऑफिसचे कपडे अंगावर घालून ते ओट्याखाली शिरले. चष्मा आणि कडीच्या चिठ्ठ्या त्यांनी आधीच खाली उतरवल्या होत्या. एकच. काकांनी सांगितलेला वायसर बसवला, फ्रिजला पाठ टेकून जोर लावला, नळ आवळला. टपटप थांबली. घर एकदम इतकं गप्प झालं की सासरे पेपर घेऊन दारात आले.

"काय झालं?"

"नळ झाला, बाबा."

सासऱ्यांनी नळाकडे पाहिलं, मग जावयाकडे. लाल पेनाने हवेतच एक बरोबरची खूण केली. बायकोने नळाची चिठ्ठी फ्रिजवरून काढली आणि घडी घालून स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. मास्तर भरल्या मनाने बाहेर पडले.

त्या दिवशी ऑफिसच्या बोळात जो तो वळून त्यांच्याकडे पाहत होता. तळमजल्यावरचे दोघं तर उभे राहिले. शेवटी कामाची कदर होतेच, असं म्हणत मास्तर छाती काढून चालत राहिले. काचेपाशी मनुष्यबळबाई समोरून आल्या, बाजूने गेल्या आणि मागे थांबल्या. आज त्यांच्या डोळ्यांवर चष्मा होता.

"मास्तर."

"बोला ना, बाई."

"शब्द बदलायचं ठरलं होतं आपलं." बाईंनी त्यांच्या पाठीवरचा गुलाबी कागद अलगद सोडवला, त्यावरची मोठी अक्षरं पुन्हा एकदा वाचली, आणि क्षणभर विचार करून तो परत त्यांच्या पाठीवर नीट चिकटवला. "पण असू दे. एकच आहे. मर्यादेत आहे."